परसातील कोंबडीची पारख : अनुभवी पालकांचे ज्ञान आणि निवडीचे शास्त्र

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात परसातील कोंबडीपालन हा बहुतांशी स्त्रियांच्या हाती असलेला जोडव्यवसाय आहे. घरामागचे खुराडे, त्यात पाच-दहा कोंबड्या, एखादा कोंबडा आणि अधूनमधून पिल्लांची एखादी पिलावळ, एवढाच त्याचा पसारा असतो. तथापि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा किंवा अचानक उद्भवलेल्या आजारपणाचा खर्च अनेक घरांत याच खुराड्यातून भागतो. या व्यवसायाच्या संदर्भात खाद्य, निवारा व लसीकरण यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत कोणता पक्षी वंशासाठी राखावा व कोणता बाजारात न्यावा, या प्रश्नाची चर्चा कमी होते. वास्तविक कळपाचे भवितव्य मुख्यतः याच निर्णयावर अवलंबून असते. हा निर्णय घेण्याची कला अनुभवी पालकांकडे असते व ती त्यांच्या सहवासात शिकता येते. प्रस्तुत लेखात या कलेचे स्वरूप, तिचा शास्त्रीय आधार आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

निवडीची संकल्पना

पशुपालकांच्या व्यावहारिक ज्ञानाला विज्ञानात मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात चार्ल्स डार्विन यांच्याकडे जाते. लंडनमधील कबुतरपालकांच्या मंडळांचे सदस्यत्व त्यांनी घेतले होते. कोंबड्यांविषयीची बरीच माहिती त्यांनी डब्ल्यू. बी. टेगेटमायर या जाणकार पक्षिपालकाकडून मिळवली. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राणी व वनस्पतींवरील ग्रंथात त्यांनी लाल रानकोंबडा हा पाळीव कोंबड्यांचा पूर्वज असल्याचे मत मांडले. पालक करीत असलेल्या निवडीचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. विशिष्ट हेतू मनाशी ठेवून केलेली ती पद्धतशीर निवड होय. केवळ चांगले जनावर राखावे एवढ्याच भावनेने, वंशसुधारणेचा विचार न करता घडणारी ती अजाणता निवड होय.

अजाणता निवड नेहमीच हितकारक दिशेने होते असे मात्र नाही. परसातील कळपात अनेकदा तिची दिशा उलटी असते. वजनदार कोंबड्याला बाजारात चांगला भाव मिळतो, जत्रेच्या किंवा पाहुणचाराच्या निमित्ताने तोच प्रथम कापला जातो आणि मागे राहिलेला किरकोळ नर पुढील पिढीचा पिता ठरतो. लवकर वाढलेली तलंगही अशीच आधी विकली जाते. चार-पाच पिढ्या हा क्रम चालू राहिल्यास कळपाचा कस उतरतो व गावठी कोंबडी मुळातच हलकी, असा समज रूढ होतो. अनुभवी पालकाचे वेगळेपण येथेच दिसून येते. बाजारात ज्याला सर्वाधिक भाव येईल तोच पक्षी तो घरी राखतो. तत्काळ मिळणाऱ्या पैशाचा हा त्याग हे निवडीचे पहिले सूत्र होय.

हाताने व डोळ्यांनी होणारी पारख

खेडोपाडी अनेक स्त्रिया कोंबडी चाचपून तिच्या पोटी अंडे आहे किंवा नाही हे सांगतात व अंडे येणार असेल तर तिला डालग्याखाली झाकतात. हीच स्पर्शाची सवय अंडी देण्याची क्षमता ओळखण्यासही उपयोगी पडते. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या मागील भागातील दोन कटिअस्थी पातळ व लवचीक होतात आणि त्यांमधील अंतर वाढते. या अंतरात दोन ते तीन बोटे मावत असल्यास कोंबडी अंडी देत आहे असे समजावे. एकच बोट मावत असल्यास ती बंद आहे. अंड्यावरील कोंबडीचा तुरा लाल, भरदार व उबदार असतो, तर अंडी थांबली की तो आकसतो व फिकट होतो. हे वर्णन वाचून कळते, परंतु हाताला ते सहजी येत नाही. म्हणून जाणकार पालक नवशिक्याच्या हाती एक चालू व एक बंद अशा दोन कोंबड्या लागोपाठ देतो आणि फरक त्यालाच ओळखावयास लावतो.

पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत आणखी एक खूण आढळते. खाद्यातील पिवळे रंगद्रव्य अंड्याच्या बलकाकडे वळल्यामुळे प्रथम गुदद्वाराभोवतीचा, त्यानंतर डोळ्याच्या कडेचा, कानाच्या पाळीचा, चोचीचा व शेवटी पायांचा रंग फिका पडत जातो. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत येतो. साहजिकच फिके पाय हे दीर्घकाळ अंडी दिल्याचे लक्षण ठरते. या पिवळ्या कातडीचा सह्याद्रीशी जवळचा संबंध आहे. त्यास कारणीभूत असलेले जनुक पाळीव कोंबडीत लाल रानकोंबड्यापासून नव्हे, तर पश्चिम घाटातही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्यापासून आले असावे, असे २००८ मधील संशोधनाने दाखविले. डार्विन यांच्या निष्कर्षाला त्यामुळे महत्त्वाची पुरवणी जोडली गेली.

अंडी, खुडूक कोंबडी व नर

उबवणीसाठी मध्यम आकाराची, घट्ट कवचाची व शक्यतो सात दिवसांच्या आतील अंडी घेतली जातात. निवडलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर कोळशाने खूण केल्यास पुढे पिल्लांची आई ओळखता येते. एका कोंबडीखाली साधारणतः दहा ते बारा अंडी ठेवतात. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून पाहिल्यास फलित अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात.

खुडूक होण्याच्या गुणाबाबत पालकाला तडजोड करावी लागते. खुडूक कोंबडी त्या काळात अंडी देत नाही, म्हणून व्यापारी जातींतून हा गुण जवळजवळ काढून टाकण्यात आला आहे. परसात मात्र उबवणयंत्र नसते. तेथे निष्ठेने बसणारी व घारीपासून पिल्ले राखणारी कोंबडी मोलाची ठरते. यास्तव अनुभवी पालक कळपातील दोन-तीन उत्तम आया उबवणीसाठी राखतो आणि त्यांच्याखाली अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्यांची अंडी ठेवतो.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा त्याच्याकडून येत असल्याने त्याची निवड अधिक काटेकोर असावी लागते. सरळ पाय, रुंद छाती व तेजस्वी डोळे एवढ्यावर जाणकार समाधान मानीत नाही. नराची आई कोण व तिने किती अंडी दिली, याची तो चौकशी करतो. शास्त्रही याला दुजोरा देते. शरीराच्या वजनाची वंशागतता बरीच अधिक असल्याने केवळ पक्षी पाहून त्यासाठी निवड करता येते. अंड्यांच्या संख्येची वंशागतता कमी असते आणि नर स्वतः अंडी देत नाही. त्यामुळे त्याची आई व बहिणी यांच्या कामगिरीवरूनच त्याचे मोल ठरवावे लागते. नर बदलताना घ्यावयाची एक काळजी विशेष महत्त्वाची आहे. कोंबडीच्या शरीरात शुक्राणू साठून राहत असल्याने जुना नर काढल्यावरही सुमारे दोन आठवडे अंडी फलित होत राहतात. नव्या नराचाच वंश हवा असल्यास तीन आठवडे थांबणे इष्ट होय. एकाच नराचा वंश त्याच्याच मुलींत वाढत गेल्यास अंडी कमी उबतात व पिल्ले अशक्त निपजतात. पालकांनी आपसांत नरांची अदलाबदल केल्यास हा धोका टळतो.

अनुभवाच्या मर्यादा

अनुभव सर्वत्र अचूक असतोच असे नाही. लांबट अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, हा समज अनेक ठिकाणी आढळतो. पिल्लाचे लिंग कोंबडीच्या बीजांडातील गुणसूत्रावरून, कवच तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते. अंड्याच्या आकारावरून ते ओळखता येत नाही. तसेच स्मरणशक्तीवर विसंबणारा पालक अलीकडच्या घटनांना अधिक महत्त्व देतो. पायात क्रमांकाचे कडे, महिन्यातून एकदा वजन आणि अंड्यांची रोजची नोंद एवढ्या साधनांनी ही उणीव भरून काढता येते.

संकरित पक्ष्यांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेल्या वनराजासारख्या पक्ष्यांची वाढ व अंडी गावठी कोंबडीपेक्षा अधिक असतात. परंतु ते भिन्न वंशांच्या संकरातून निर्माण होत असल्याने त्यांची पिल्ले त्यांच्यासारखीच निघत नाहीत. पुढील पिढीत गुणांची विभागणी होते, म्हणून पिल्ले पुन्हा केंद्रातून आणावी लागतात.

कडकनाथचे उदाहरण

मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरात आदिवासी कुटुंबांनी जोपासलेल्या कडकनाथ जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पक्ष्याची कातडी, मांस व हाडांवरील आवरणही काळे असते. अंडे मात्र काळे नसून फिकट तपकिरी असते. केवळ काळी पिसे पाहून खरेदी करणारा येथे हमखास फसतो. जाणकार पालक तुरा, जीभ व पायांचे तळवे तपासतो. संकरातून झालेली काही पिल्लेही काळसर दिसतात, म्हणून आई-वडील दोन्ही पाहण्याचा तो आग्रह धरतो.

कडकनाथला मागणी वाढल्यावर महाराष्ट्रातही त्याचे पालन पसरले. पक्षी व अंडी परत विकत घेण्याच्या आश्वासनावर शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे एक मोठे प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आले. त्यातील मूळ प्रश्न आर्थिक होता. तथापि पिल्लू, खाद्य व ग्राहक या तिन्हींसाठी पालक एकाच विक्रेत्यावर अवलंबून असेल, तर त्याच्या हाती काही उरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्याला स्वतःचा वंश राखता येतो, स्थानिक बाजार ओळखता येतो आणि पक्षी पारखता येतो, त्याचे नुकसान मर्यादित राहते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कोंबड्यांची पैदास ही प्रथमतः काय राखावे याची विद्या आहे. तिची स्पर्शाची व नजरेची बाजू अनुभवी पालकांकडे आहे, तर मोजमाप व वंशागततेची बाजू शास्त्राकडे. पहिली बाजू बहुधा लिखित नसल्याने ती जाणणाऱ्या पिढीबरोबर नाहीशी होण्याचा संभव आहे. प्राणिशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विभागांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून परिसरातील जाणत्या स्त्री-पालकांचे निकष नोंदविता येतील आणि ते वजनकाटा व नोंदवही यांच्या आधारे तपासता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रारंभ म्हणून प्रत्येक खुराड्यातील सर्वोत्तम नर व दोन उत्तम तलंगा विक्रीतून वगळण्याचा आग्रह धरला, तरी उलट्या निवडीस आळा बसू शकेल.