पडद्यावरील खेळ : एका खेळाडूचें मत

संगणकावरचे खेळ म्हणजे मुलांचें अभ्यासावरचें लक्ष उडविणारें एक व्यसन, अशी पुष्कळ सुशिक्षित घरांतून समजूत आहे. आणि हे खेळ खेळणारे आम्ही लोकहि तिला उत्तर देतांना 'यानें बुद्धि तीक्ष्ण होते' असें कांहीं तरी बोलून वेळ मारून नेतों. मला हीं दोन्ही बोलणीं सारखींच पोकळ वाटतात. पुस्तकें चांगलीं कीं वाईट, असा प्रश्न आपण कधीं विचारीत नाहीं. कोणतें पुस्तक, असें विचारतों. खेळांविषयींहि तेंच विचारावयास हवें. गेलीं तीस वर्षें मी हे खेळ खेळत आलों आहें. त्यांतील निवडक खेळांविषयीं माझें मत आज आपणांपुढें ठेवावें असा विचार आहे. खेळ कशाचा बनलेला असतो हें ठाऊक असलें, म्हणजे आपल्या घरांतील मूल पडद्यापुढें बसून नेमकें काय करीत आहे हें तरी कळतें.

जुन्यापासून प्रारंभ करूं. 1978 सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. वरून शत्रूंच्या रांगा आडव्या सरकत खालीं उतरतात व आपण खालच्या तोफेनें त्यांना टिपावयाचें, एवढाच प्रकार. परंतु शत्रु जसजसे कमी होत जातात, तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवूं लागतात, आणि शेवटचा एकटा उरतो तो तर अक्षरशः सैरावैरा पळतो. ही युक्ति आधीं कोणीं योजलेली नव्हती. त्या वेळचें यंत्र दुबळें. पडद्यावर पुष्कळ आकृति काढतांना त्याला दम लागे, आणि आकृति कमी झाल्या कीं काम हलकें होऊन तें झपाट्यानें चाले. निशिकादोंनीं हा दोष दुरुस्त न करतां तसाच राहूं दिला, आणि खेळांतला सारा थरार त्यांतूनच आला.

दोन वर्षांनीं तोरु इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. ठिपके खात चक्रव्यूहांत फिरणारें एक पिवळें तोंड, आणि त्याच्या पाठीमागें चार भुतें. नवख्याला सारीं भुतें सारखींच वाटतात. पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. तांबडें थेट आपल्या मागें लागतें. गुलाबी आपण आहों तेथें न येतां आपल्या तोंडासमोरच्या चार घरें पुढील जागेवर नेम धरतें, म्हणजे वाट अडवूं पाहतें. निळें भूत तांबडें कोठें आहे तें पाहून आपला रोख ठरवितें. नारिंगी मात्र लांब असलें कीं पाठलाग करतें, आणि जवळ आलें कीं कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतें. इतक्या थोडक्या नियमांतून चार पात्रें उभीं राहावींत, याचा एखाद्या नाटककारालाहि हेवा वाटावा.

परंतु मला विचाराल तर या सर्वांत श्रेष्ठ खेळ 'टेट्रिस'. मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत अलेक्सी पाजित्नोव यांनीं तो 1984 सालीं रचला. त्यांच्या यंत्राला चित्रें काढतां येत नव्हतीं. केवळ अक्षरें उमटत. तेव्हां कंसाच्या चिन्हांच्या जोड्या करून त्यांनीं चौकोन दाखविले. चार चार चौकोन एकमेकांस जोडून ज्या सात आकृति होतात, त्या एकेक वरून पडतात; त्या फिरवून अशा बसवावयाच्या कीं आडवी ओळ भरून निघावी. भरलेली ओळ नाहींशी होते, न भरलेली साचत जाते. पाहुणे येण्यापूर्वीं फडताळांत डबे लावणाऱ्या गृहिणीस हा खेळ शिकवावा लागत नाहीं.

यांत कथा नाहीं, शत्रु नाहीं, आणि जिंकणेंहि नाहीं. सातांपैकीं दोन आकृति नागमोडी असून एकमेकींच्या उलट आहेत. त्याच दोन आळीपाळीनें येत राहिल्या, तर खेळाडू कितीहि कुशल असो, तो अखेर हरतोच, हें 1997 मध्यें गणितानें सिद्ध करण्यांत आलें. उलट बाजूनें, म्हणजे खेळानेंच हात टेकण्याचा प्रसंग 2023 च्या डिसेंबरांत आला. निन्तेंदो कंपनीच्या यंत्रावरील 1989 च्या आवृत्तींत एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलानें 157 वी पायरी गांठली आणि तेथें खेळ थिजून बंद पडला. मनुष्याच्या हातून असें घडल्याची ही पहिलीच नोंद. एका इंग्रजी दूरदर्शन-वाहिनीच्या निवेदिकेनें मात्र ही बातमी सांगतांना, टेट्रिस जिंकणें हें कांहीं जीवनाचें ध्येय नव्हे, असा उपदेश केला. चौतीस वर्षें कोणालाहि न साधलेली गोष्ट त्या मुलानें बुद्धिबळाच्या पटावर करून दाखविली असती, तर त्या बाई असें बोलल्या असत्या काय?

टेट्रिसमध्यें मला भावतो तो त्याचा सच्चेपणा. तो कांहींएक झांकून ठेवीत नाहीं. पुढें येणारी आकृतिसुद्धां आधीं दाखवितो. हरलों तर कां हरलों तें डोळ्यांपुढें रचलेलें असतें. याच्या शेजारीं 2012 सालचा 'कँडी क्रश' ठेवून पाहा. वरवर पाहतां तोहि रंगीबेरंगी तुकडे जुळविण्याचाच खेळ, आणि चांगला घोटलेला खेळ. पण त्यांत पांच 'जीव' दिलेले असतात. ते संपले कीं एकेक जीव परत मिळण्यास तीस मिनिटें थांबावें लागतें. थांबावयाचें नसेल तर पैसे भरा, अथवा मित्रांकडे मागा. वरून कोणत्या गोळ्या पडतील हें पुष्कळसें दैवावर; त्यामुळें हरलेल्याला आपलें काय चुकलें तें कळत नाहीं, आणखी एक डाव हवा एवढेंच कळतें. येथें रचनाकाराची सारी कुशलता खेळणाऱ्याला उठूं न देण्याकडे लागलेली आहे.

याच्याहि पुढची पायरी म्हणजे बंद पेट्या विकणारे खेळ. पैसे देऊन पेटी घ्यावयाची. आंत मौल्यवान शस्त्र निघेल कीं चिंधी, तें उघडल्यावर समजणार. बेल्जमनें 2018 सालीं अशा पेट्यांना जुगार ठरविलें. भारतानें 2025 सालीं कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. दहा वर्षांच्या मुलाला जुगार हा शब्द ठाऊक असतो. पण वाजतगाजत, चमचमत उघडणाऱ्या पेटीला तो शब्द लागू पडतो हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें. घरांत भांडावयाचेंच असेल, तर तासांवरून भांडण्यापेक्षां यावरून भांडावें.

1989 सालीं विल राइट यांचा 'सिमसिटी' आला. हा शहर वसविण्याचा खेळ. राइट पूर्वीं बॉम्बफेकीचा एक खेळ तयार करीत होते. त्यांतील बेटें उद्ध्वस्त करण्यापेक्षां तीं रचण्यांतच आपल्याला अधिक मौज वाटते, असें त्यांच्या ध्यानीं आलें. रस्ते आंखा, वीज आणा, कर बसवा, आणि लोक येतात कीं जातात तें पाहा. मीं या खेळावर पुष्कळ रात्री घालविल्या आहेत, तरी त्याच्याविषयीं माझी एक तक्रार आहे. राहण्याची जमीन वेगळी, व्यापाराची वेगळी, कारखान्यांची वेगळी, अशी वांटणी केल्यावांचून तेथें वस्तीच होत नाहीं. खालीं किराण्याचें दुकान, वर बिऱ्हाडें, मागल्या खोलींत शिंप्याचें यंत्र, असें गिरगांव किंवा सदाशिव पेठ त्या पडद्यावर उभी करतांच येत नाहीं. अमेरिकन नगररचनेची एक समजूत खेळाच्या पोटांत नियम होऊन बसली आहे, आणि खेळणाऱ्याला ती निसर्गनियमासारखी भासूं लागते. कथेंतलें मत वाचकाला दिसतें, तो त्याशीं भांडूं शकतो; नियमांत दडलेलें मत न दिसतां मनांत उतरतें. खेळांतील रक्तपातापेक्षां मला याची काळजी अधिक वाटते.

त्याच सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्याकडील कित्येक प्रौढांना आठवत असेल. जॉर्डन मेकनर यांनीं आपल्या धाकट्या भावाला पळावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्यावरून नायकाची एकेक हालचाल उतरवून काढली. म्हणून तो राजपुत्र आजहि खऱ्या माणसासारखा अडखळतो, लोंबकळतो. साठ मिनिटांच्या आंत राजकन्येला सोडवावयाचें. यंत्राच्या स्मरणांत नव्या शत्रूच्या चित्रांना जागा उरली नव्हती, तेव्हां मेकनर यांनीं नायकाचींच चित्रें किंचित् सरकवून एक छायापुरुष निर्माण केला. नायक आरशांतून उडी मारतो, त्या क्षणीं ही छाया त्याच्यांतून बाहेर पडते आणि पुढें त्याला अडवीत राहते. अखेरीस दोघे तरवारी उपसून समोरासमोर येतात. छायेवर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तेथें तरवार म्यान करून सरळ तिच्याकडे चालत जावें लागतें. मग दोघे एक होतात. खेळांत हें कोठेंहि लिहून दिलेलें नाहीं.

पुण्यांत तयार होऊन 2020 सालीं प्रसिद्ध झालेला 'राजी' हा खेळहि पाहण्यासारखा आहे. हरवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची कथा विष्णु आणि दुर्गा एकमेकांना सांगत आहेत, ही कल्पना गोड आहे आणि भिंतींवरील चित्रें सुरेख. त्यांतील लढाया मला एकसुरी वाटल्या.

शेवटीं एक खेळ असा सांगतों, कीं जो मी मोठ्या माणसांनाच देईन. लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज', साल 2013. आपण एका काल्पनिक कम्युनिस्ट राष्ट्राच्या सरहद्दीवरील कारकून. येणाऱ्याचे कागद तपासून शिक्का मारावयाचा. जितकीं माणसें तपासूं तितका पगार, आणि त्या पगारांत घरच्यांचें अन्न, उष्णता व औषध भागवावयाचें. दररोज नियम बदलतात. एके दिवशीं एक गृहस्थ येतो. त्याचे कागद चोख असतात. जातांना तो सांगतो, मागून माझी बायको येत आहे, तिच्याशीं चांगलें वागा. ती येते, आणि तिच्यापाशीं प्रवेशाचा परवाना नसतो. परत गेलों तर ते मला मारतील, असें ती म्हणते. कोणते दोन शिक्के पुढें आहेत तें आपल्याला ठाऊक असतें, आणि मागें रांग खोळंबलेली असते. मीं तिला आंत सोडलें. चूक झाल्याची चिठ्ठी यंत्रांतून खरखरत बाहेर आली. त्या दिवसांतली पहिलीच असल्यामुळें दंड मात्र झाला नाहीं.