सरीसृपांच्या पेट्यांचे निर्जंतुकीकरण

साप, सरडे, घोरपडी, कासवे आणि मगरी या प्राण्यांची गणना सरीसृपांत होते. मोकळ्या निसर्गात हे प्राणी विष्ठा टाकून पुढे निघून जातात. ती जागा उन्हाने वाळते, पावसाने धुऊन निघते आणि जमिनीतील किडे-मुंग्या उरलेले काम पूर्ण करतात. पेटीत बंदिस्त केलेल्या प्राण्याला ही सोय राहत नाही. तो जेथे खातो तेथेच विष्ठा टाकतो. ज्या भांड्यातले पाणी पितो त्याच भांड्यात अंग बुडवून बसतो. निसर्ग जे काम आपसूक करीत होता, ते आता प्राण्याला बंदिस्त करणाऱ्या माणसालाच करावे लागते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी साप, घोरपडी किंवा तारा कासव घरी पाळता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे सरीसृपांच्या पेट्या प्रामुख्याने आढळतात त्या प्राणिसंग्रहालयांत, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या सर्पोद्यानासारख्या संस्थांत आणि सर्पविष काढण्याच्या केंद्रांत. घरांतून दिसतात ती मुख्यतः परदेशी मूळ असलेली कासवे व सरडे. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले लहानसे अमेरिकी कासव तर मत्स्यपेट्यांच्या दुकानांतून अनेक शहरांत विकले गेले आहे. अशा परदेशी प्राण्यांपैकी कायद्याच्या अनुसूचीत येणाऱ्यांची नोंदणी करण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने केली आहे. प्राणी सर्पोद्यानातला असो वा घरातला, त्याची पेटी निर्जंतुक ठेवण्याची तत्त्वे एकच आहेत.

एका लाकडी कठड्याची गोष्ट

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे म्हणून एक घटना सांगण्यासारखी आहे. १९९६ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर येथील प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडी लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या होत्या. ते पाहून गेलेली अनेक मुले पुढील काही दिवसांत ताप आणि अतिसाराने आजारी पडली. चौकशीत ६५ रुग्ण आढळले. त्यांपैकी एकानेही त्या प्राण्याला स्पर्श केलेला नव्हता. परंतु प्राण्याच्या जागेभोवती जो लाकडी कठडा होता, त्याला ८३ टक्के रुग्णांनी हात लावला होता. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. रोगजंतू त्या कठड्यावरही सापडले. ज्यांनी बाहेर पडताना हात धुतले होते, ते बहुतांशी बचावले.

या रोगाचे कारण असलेल्या जंतूंना साल्मोनेला म्हणतात. डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्याच्या नावावरून त्यांना हे नाव मिळाले. हे जंतू सरीसृपांच्या आतड्यांत राहतात आणि बहुधा त्यांना कोणताही त्रास देत नाहीत. प्राणी धडधाकट दिसतो, नीट खातो-पितो आणि तरीही त्याच्या विष्ठेतून जंतू अधूनमधून बाहेर पडत असतात. एका तपासणीत जंतू सापडले नाहीत, एवढ्यावरून तो प्राणी जंतुमुक्त आहे असे म्हणता येत नाही. वाळलेल्या विष्ठेतही हे जंतू दीर्घकाळ तग धरतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत पाळीव कासवांमुळे दरवर्षी सुमारे २,८०,००० लोकांना हा रोग होत असावा, असा अंदाज होता. तळहातावर मावणारे कासव मुले सहज तोंडाजवळ नेतात, हे त्याचे एक कारण होते. म्हणून १९७५ मध्ये तेथे ४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा, कमी लांबीच्या पाठीची कासवे विकण्यास बंदी घालण्यात आली.

प्राण्यांच्या दृष्टीनेही स्वच्छतेचे महत्त्व कमी नाही. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून काम करीत आली आहे. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे साप सुमारे तीन आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवून त्यांचे विष काढले जाते आणि नंतर त्यांना रानात सोडण्यात येते. अशा सापाला कैदेत एखाद्या रोगाची लागण झाली, तर तो रोग त्याच्याबरोबर रानात पोहोचू शकतो. एक अस्वच्छ पात्र अशा प्रकारे पुष्कळ दूरवर उपद्रव करू शकते.

धुणे आणि निर्जंतुक करणे

धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. त्यांचा क्रम उलटा करता येत नाही. बहुतेक जंतुनाशके विष्ठा, लाळ, रक्त किंवा अन्नाचे कण यांच्या संपर्कात येताच आपली शक्ती गमावून बसतात. मळलेल्या पेटीत कितीही तीव्र औषध ओतले, तरी ते मळावरच खर्च होते आणि मळाखालचे जंतू सुखरूप राहतात. म्हणून पहिले काम घासून धुण्याचे.

प्राण्याला प्रथम दुसऱ्या सुरक्षित पेटीत हलवावे. विषारी साप असल्यास हे काम प्रशिक्षित माणसानेच, जोडीला दुसरा माणूस ठेवून आणि कडी लावता येईल अशा पेटीचा उपयोग करून करावे. त्यानंतर तळाशी अंथरलेला कागद, वाळू किंवा सालीचा भुगा काढून टाकावा. सरीसृपांच्या मलमूत्रात खडूसारखा जो पांढरा भाग दिसतो, ते यूरिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात. हा भाग पाण्यात फारसा विरघळत नाही आणि वाळल्यावर सिमेंटसारखा चिकटून बसतो. कोमट पाण्याने काही वेळ भिजवल्यास तो खरवडून काढता येतो. नंतर साबणाच्या पाण्याने पेटी घासावी. काचेच्या पेटीचे कोपरे, सरकत्या दाराच्या खाचा आणि झाकणाच्या बिजागऱ्या या जागा विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. शेवटी साबणाचा अंशही राहणार नाही अशा रीतीने पेटी साध्या पाण्याने धुवावी.

फिनेलचा वास

यानंतर प्रश्न येतो जंतुनाशकाच्या निवडीचा. जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये ग्लासगो येथे जखमांवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग केला आणि शस्त्रक्रियेचे स्वरूपच पालटून टाकले. कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल. पुढे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या त्याच कुळातील द्रव्यांपासून काळे फिनेल तयार होऊ लागले. रुग्णालये, शाळा आणि रेल्वे स्थानके यांतून त्याचा वास इतका परिचित झाला की, तो वास म्हणजेच स्वच्छता, अशी समजूत रूढ झाली.

सरीसृपांच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. सापाचे पोट अष्टौप्रहर पेटीच्या तळाला टेकलेले असते. तळावर राहिलेला फिनॉलचा अंश त्याच्या त्वचेतून शरीरात शिरू शकतो. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस अगदी लहान असते किंवा नसतेच. श्वसनाचा सारा भार एका लांबट उजव्या फुप्फुसावर असतो. बंद पेटीत साचलेल्या उग्र वाफांचा परिणाम अशा प्राण्यावर लवकर होतो. शिवाय साप जीभ बाहेर काढून हवेतील गंधकण टाळूतील विशेष इंद्रियापर्यंत पोहोचवतो. माणसाला सुखद वाटणारा दर्प त्याला छळणारा असू शकतो. म्हणून काळे फिनेल, पाइनच्या तेलापासून केलेले पांढरे फिनेल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारे क्लोरोझायलेनॉलयुक्त औषध यांचा वापर या पेट्यांसाठी करू नये. डांबराच्या गोळ्याही पेटीत किंवा पेटीजवळ ठेवू नयेत.

याउलट सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण योग्य काळजी घेतल्यास उपयुक्त ठरते. बाजारात ते सुमारे ५ टक्के तीव्रतेच्या द्रवाच्या रूपात मिळते. या द्रवाचा १ भाग ३० भाग थंड पाण्यात मिसळावा. म्हणजे ३ लिटर पाण्यास १०० मिलिलिटर द्रव पुरतो. धुतलेल्या पेटीचा सर्व पृष्ठभाग या द्रावणाने १० ते १५ मिनिटे ओला राहिला पाहिजे. जंतू मरण्यास वेळ लागतो. ओल्या फडक्याने एक हात फिरवून लगेच पुसून घेतल्यास हेतू साध्य होत नाही. त्यानंतर पेटी भरपूर पाण्याने धुवावी, वाऱ्यावर पूर्ण सुकवावी आणि वास नाहीसा झाल्यावरच प्राण्याला आत सोडावे. तयार केलेले द्रावण उष्णतेने, उजेडाने आणि काळाने क्षीण होते. म्हणून ते रोज ताजे करावे.

हे काम करताना रबरी हातमोजे घालावेत, डोळे जपावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. हायपोक्लोराइट दुसऱ्या कोणत्याही स्वच्छताद्रव्यात मिसळू नये. संडास धुण्याच्या आम्लाशी त्याचा संयोग झाल्यास क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. अमोनियाशी झाल्यास क्लोरामाइनच्या घातक वाफा निर्माण होतात. पांढरे डाग सुटावेत म्हणून व्हिनेगर वापरणारे आणि त्यावरच हे द्रावण ओतणारे लोक नकळत हाच धोका ओढवून घेतात.

पशुवैद्यकीय वापरातील क्वाटर्नरी अमोनियम संयुगे आणि क्लोरहेक्सिडीन हीही पेट्यांसाठी वापरली जातात. त्यांना उग्र वास नसतो. परंतु साबणाचा अंश राहिल्यास ती निष्प्रभ होतात. त्यांचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे काटेकोरपणे पाळावे लागते.

जंतुनाशकांच्या मर्यादा

प्रत्येक शत्रू एकाच शस्त्राने मरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी सापाच्या जठरात वाढतो. साप गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो, त्याच्या शरीराचा मध्यभाग फुगतो आणि तो दिवसेंदिवस खंगत जातो. या परजीवीच्या कवचधारी अवस्थेवर क्लोरीनच्या नेहमीच्या द्रावणाचा परिणाम होत नाही. वाफ किंवा उकळते पाणी आणि त्यानंतर पूर्ण कोरडेपणा हाच तेथे विश्वसनीय उपाय होय. सापाच्या खवल्यांखाली राहून रक्त शोषणारे माइट हे बारीक कीटकसदृश जीवही पेटीच्या फटींत अंडी घालतात. त्यांच्यासाठी केवळ पेटी धुणे पुरत नाही. प्राण्यावरही पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार करावे लागतात.

वस्तूंच्या घडणीचाही विचार करावा लागतो. काच, पोलाद आणि गुळगुळीत प्लॅस्टिक निर्जंतुक करणे सोपे असते. कच्चे लाकूड, सालीचे तुकडे आणि मातीची मडकी सच्छिद्र असतात. त्यांच्या आत मळ मुरतो आणि औषधाचा अंशही राहतो. संसर्ग झालेल्या प्राण्याच्या पेटीतील अशा वस्तू टाकून देणे, हेच शहाणपणाचे असते. धुतलेल्या वस्तूंना कडक ऊन दाखवणे हितकारक आहे. पण ते जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही. प्राणी आत असताना काचेची पेटी उन्हात ठेवण्याची चूक तर कधीही करू नये; थोड्याच वेळात आतील उष्णता प्राणघातक होते.

जेथे अनेक प्राणी असतात, तेथे कामाचा क्रम ठरलेला असावा. निरोगी प्राण्यांच्या पेट्या प्रथम, आजाऱ्यांच्या नंतर आणि नव्याने आलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या प्राण्यांच्या सर्वांत शेवटी स्वच्छ कराव्यात. एकच ब्रश आणि एकच चिमटा सर्व पेट्यांत फिरला, तर स्वच्छता करणारा माणूसच रोगाचा वाहक बनतो. विष्ठा दिसताच उचलावी आणि पाण्याचे भांडे रोज धुवावे. मग संपूर्ण पेटी रिकामी करण्याची वेळ वारंवार येत नाही आणि प्राण्यालाही पुन्हा पुन्हा हलवण्याचा त्रास होत नाही.

घरात ही कामे स्वयंपाकघराच्या मोरीत करू नयेत. पेट्यांची बादली, ब्रश आणि फडकी निराळी असावीत व घाण पाणी संडासात ओतावे. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दुर्बळ प्रकृतीची माणसे यांनी या कामापासून आणि या प्राण्यांपासून दूर राहावे. काम संपल्यावर, आणि पेटीला नुसता हात लागला तरीही, साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

या साऱ्या खटाटोपाचा उद्देश पेटी संपूर्ण जंतुविरहित करणे हा नाही. प्राणी परत आत येताच त्याच्याबरोबर जंतूही येतात. जंतूंची संख्या इतकी कमी ठेवावयाची की, प्राण्याच्या शरीराला त्यांचा भार होऊ नये आणि ते पेटीबाहेर माणसापर्यंत पोहोचू नयेत, एवढाच त्याचा हेतू आहे. तो साधण्यासाठी उग्र औषधांपेक्षा योग्य क्रम, मोजून घेतलेले प्रमाण आणि पुरेसा वेळ यांची गरज असते. डेन्व्हरच्या त्या कठड्याला हात लावून गेलेल्या मुलांपैकी ज्यांचे रक्षण झाले, ते पाणी, साबण आणि हात धुण्याच्या साध्या सवयीनेच झाले.