खिडकीचं हँडल बदलण्याआधी

तुर्भेत खिडकीच्या हँडलचं आयुष्य तिथली हवा ठरवते. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर, मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि शीव-पनवेल महामार्ग, आणि बाजार समितीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांची रात्रभर वर्दळ. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. त्यावर रस्त्याची आणि औद्योगिक पट्ट्याची धूळ बसली, की स्क्रूच्या डोक्याभोवती, हँडलच्या सांध्यात आणि सरकत्या खिडकीच्या खोबणीत ओलसर लेप साचून राहतो. पावसाळ्यात तो सुकतच नाही. उन्हाळाभर उघडी राहिलेली खिडकी पहिल्या सरीला घाईनं ओढली जाते आणि नेमकं त्याच वेळी हँडल हातात येतं.

तुटलेलं हँडल काढायचं, दुकानातून तसंच दुसरं आणायचं, दोन स्क्रू पिळायचे, एवढंच काम असतं तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण नवं हँडलही पुढच्या पावसाळ्यात तुटतं, असा अनुभव अनेक घरांत आहे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हँडलमध्ये नसतं. हँडलचं काम खिडकी अडकवण्याचं आणि सोडवण्याचं. जड झालेली, तिरकी झालेली किंवा फुगलेली खिडकी ओढून जागेवर आणण्याचं काम त्याचं नाही. आपण मात्र ते त्याच्याकडूनच करून घेतो. म्हणून हँडल बदलण्याआधी ते कशानं तुटलं हे शोधायला हवं.

शोध सोपा आहे. खिडकी पूर्ण उघडी ठेवा आणि तशा अवस्थेत हँडल फिरवून पाहा. उघड्या खिडकीत ते हलकं फिरतं आणि बंद करताना मात्र जोर लागतो, असं असेल तर हँडल निर्दोष आहे. खिडकी जागेवरून सरकली आहे. उघड्या खिडकीतही जड फिरत असेल, तर दोष हँडलच्या सांध्यात किंवा त्याच्या मागच्या कुलुपात आहे. आणि ते नुसतं गोल गोल फिरत असेल, काहीच पकडत नसेल, तर आतला दांडा किंवा तो ज्यात बसतो ते यंत्र झिजलं आहे. ही तपासणी खिडकी बंद करून कधीही करू नका. तुटक्या हँडलनं खिडकी बंद झाली आणि आतली खीळ बाहेर राहून अडकली, तर ती उघडायला चौकट कापावी लागण्याची वेळ येऊ शकते.

आता आपल्याकडच्या इमारतींत सर्वात जास्त दिसणारी खिडकी घेऊ: ॲल्युमिनियमची सरकती, दोन किंवा तीन चौकटींची, त्यातली एक डासांच्या जाळीची. काच बसवलेल्या सरकत्या चौकटीला मिस्त्री शटर म्हणतात. शटरच्या उभ्या पट्टीत एक चपटं कुलूप बसवलेलं असतं. बोटानं दाबलं किंवा खाली ओढलं की आतला आकडा मागे जातो. सोडलं की तो चौकटीच्या खाचेत अडकतो. या कुलपाचा आकडा खाचेपर्यंत पोचत नाही, ही सर्वात सामान्य तक्रार. लोक कुलूप बदलतात, पण खरा दोष तळाशी असतो. शटर खाली दोन छोट्या चाकांवर चालतं; बाजारात त्यांना बेअरिंग म्हणतात. नायलॉनची चाकं झिजली, की शटर एका बाजूनं दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि आकडा खाचेच्या खाली येतो. मग माणूस शटर उचलून, ढकलून, कुलपाला धरून ओढत बंद करतो. अशा रोजच्या ओढाताणीत कुलपाची जस्ताची पातळ कड तडकते.

म्हणून सुरुवात खालच्या खोबणीपासून करा. जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर किंवा ओलं फडकं घेऊन खोबणीतली माती काढा. खोबणीच्या बाहेरच्या कडेला पाणी बाहेर जाण्यासाठी छोटी छिद्रं असतात. धुळीच्या चिखलानं ती बुजतात आणि मुसळधार पावसात पाणी खोबणी भरून आत येतं. ती छिद्रं तारेनं मोकळी करा. पावसाळ्यात घरात येणारं पाणी बऱ्याच वेळा खिडकीच्या फटीतून येत नाही, या बुजलेल्या छिद्रांमुळे येतं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. सिलिकॉन भरून भरून थकलेल्या घरांनी आधी तिथे बघावं.

खोबणी साफ झाल्यावरही शटर घासत असेल तर ते काढावं लागतं. दोन्ही हातांनी ते सरळ वर उचला, खालची कड खोबणीतून सुटली की आपल्याकडे ओढा आणि मग खाली घ्या. हे काम एकट्यानं करायचं नाही. पाच मिलिमीटर काचेचं मोठं शटर दिसतं त्याहून जड असतं, आणि ग्रिल नसलेल्या खिडकीत ते बाहेर झुकलं तर खाली चालणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. शटर जमिनीवर जाड चादरीवर ठेवलं की खालच्या दोन कोपऱ्यांत बेअरिंग दिसतात. काहींना बाजूनं स्क्रू असतो. तो पिळला की चाक वर-खाली होतं आणि शटर सरळ करता येतं. स्क्रू नसेल किंवा चाक झिजून चपटं झालं असेल तर जोडी बदला, एकच बदलू नका. शटर परत बसवल्यावर जुनं कुलूप पुन्हा नीट लागतंय का ते पाहा. कितीतरी वेळा लागतं, आणि नव्याची गरजच राहत नाही.

कुलूप खरंच तुटलं असेल तर ते काढणं दोन स्क्रूंचं काम आहे. मात्र नवं आणताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: पट्टीत कापलेल्या खाचेची लांबी-रुंदी, दोन स्क्रूंमधलं अंतर, आकडा किती बाहेर येतो, आणि डावं की उजवं. या खिडक्या वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्यांत बनतात आणि एकाचं कुलूप दुसऱ्यात बसेलच असं नाही. त्यामुळे फोटो दाखवून भागत नाही. जुनं कुलूप त्याच्या स्क्रूंसकट हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि शेजारी शेजारी ठेवून मापा. स्क्रू नेण्याचं कारण असं की नवा स्क्रू तीन-चार मिलिमीटरनं लांब निघाला, तरी तो पट्टीच्या पलीकडे निघून दुसऱ्या शटरला ओरखडतो किंवा काचेच्या कडेला टेकतो. कडेला टेकलेली काच काही दिवसांनी कारण नसताना तडकली असं वाटतं, पण कारण तो स्क्रू असतो.

नव्या इमारतींत आणि नूतनीकरण केलेल्या घरांत यूपीव्हीसीच्या किंवा जाड ॲल्युमिनियमच्या, बिजागरीवर उघडणाऱ्या खिडक्या आल्या आहेत. यांचं हँडल वेगळ्या जातीचं. मागे चौकोनी दांडा असतो, तो झडपेच्या आतल्या यंत्रात शिरतो, आणि हँडल फिरवलं की झडपेच्या कडेनं वर-खाली सरकणाऱ्या खिळी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अडकतात. इथे एक सोय आहे. युरोपीय पद्धतीच्या या हँडलांचा दांडा साधारणपणे ७ मिलिमीटरचा आणि दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर ४३ मिलिमीटर असतं, त्यामुळे एका कंपनीच्या खिडकीत दुसऱ्या कंपनीचं हँडल बहुतेक वेळा बसतं. बदलते ती दांड्याची लांबी. तेवढी पट्टीनं मोजून घ्या. आखूड दांडा यंत्रात अर्धवट शिरतो आणि थोड्याच दिवसांत कडा गोल करून टाकतो.

काढायची रीत अशी: खिडकी उघडा, हँडल आडवं करा. हँडलच्या बुडाची झाकणपट्टी बोटांनी किंचित बाहेर ओढून काटकोनात फिरवली, की तिच्याखाली दोन स्क्रू दिसतात. ते सोडवले की हँडल दांड्यासकट बाहेर येतं. आता नवं बसवण्याआधी तोच दांडा हातानं किंवा पकडीनं यंत्रात घालून हलकेच फिरवून पाहा. खिळी सरकल्या तर यंत्र ठीक आहे. नाही सरकल्या तर हँडल बदलून काही होणार नाही. यंत्र बदलावं लागेल आणि ते काम खिडकी बनवणाऱ्याकडून करून घेतलेलं बरं. नवं हँडल बसवताना जुनं ज्या स्थितीत काढलं त्याच स्थितीत घाला, नाहीतर हँडल बंद दाखवेल आणि खिळी उघड्या राहतील.

सिडकोच्या जुन्या घरांत आणि गावठाणातल्या अनेक घरांत अजून लोखंडी खिडक्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे. त्यांचं पितळी हँडल नीट राखलं तर पिढीभर टिकतं. त्याच्या टोकाला चोच असते. ती चौकटीवरच्या पितळी पट्टीत अडकते. काही हँडलांच्या चोचीला दोन टोकं असतात, म्हणजे झडप थोडी उघडी ठेवूनही अडकवता येते, पावसात हवा येऊ देण्याची केवढी सोय! खाली भोकं असलेली लांब पट्टी खुंटीवर अडकवून झडप हवी तेवढी उघडी ठेवतात. या खिडक्यांचं हँडल तुटतं ते गंजामुळे. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो. झडपेच्या कडेत गंज फुगतो, त्यावर दर दिवाळीला रंगाचा आणखी एक थर चढतो, आणि शेवटी झडप चौकटीत मावत नाही. मग हँडलनं दाबून बंद करायची सवय लागते. इथे हँडल बदलण्याआधी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन झडपेची व चौकटीची आतली कड लोखंडापर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या, तो पूर्ण सुकू द्या, आणि वर रंगाचा पातळ थर द्या. भोकातले आटे झिजले असतील तर वेल्डिंगवाल्याकडून एक माप मोठे आटे पाडून घ्या. लाकडी खिडकीत हाच प्रश्न त्याहून सोपा सुटतो: सैल भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची काडी ठोका, रात्रभर सुकू द्या, आणि त्याच जागी स्क्रू पिळा.

दुकानात चकचकीत हँडलं सगळी सारखी दिसतात, म्हणून खिशात छोटं चुंबक ठेवा. चुंबक घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे. तुर्भेच्या हवेत ते फार टिकणार नाही. न चिकटलं तर पितळ, जस्त, ॲल्युमिनियम किंवा चांगलं स्टेनलेस स्टील असू शकतं. हँडलच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला किल्लीनं ओरखडा काढायची परवानगी मागा: पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर बहुधा ओतीव जस्त. जस्ताचं हँडल वाईट नसतं, पण ते वाकत नाही, एकदम तुटतं. जिथे रोज दहा वेळा उघडझाप होते त्या स्वयंपाकघराच्या खिडकीला दोन पैसे जास्त देऊन जड हँडल घ्यावं, असं माझं मत आहे.

हँडलइतकाच स्क्रू महत्त्वाचा. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू घातला, की खारट ओलीत दोन धातूंमध्ये विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह सुरू होतो. स्क्रू गंजतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडू लागतं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागा, दुकानदार ३०४ म्हणून देईल, आणि बसवताना आट्यांना व्हॅसलीनचा हलका हात लावा. तेच व्हॅसलीन पुढच्या वेळी स्क्रू काढताना उपयोगी पडेल. जुना स्क्रू निघत नसेल तर जोर लावून त्याचं डोकं घासवू नका. गंज सोडवणारा फवारा मारा, अर्धा तास थांबा, आणि नेमक्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनं आधी किंचित घट्ट करा, मग सोडवा. ॲल्युमिनियमच्या पट्टीची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते, तिच्यात दोन-तीनच आटे धरतात. नवा स्क्रू शेवटी हातानं पिळा, ड्रिलनं नको. आटे गेलेच तर एक माप जाड स्क्रू घाला किंवा मिस्त्रीकडून रिव्हेट मारून घ्या.

काम झाल्यावर सांध्यांत सिलिकॉनचा फवारा पुरेसा आहे. खोबरेल, गोडं तेल किंवा ग्रीस लावू नका. इथली धूळ त्यावर बसून कणकेसारखी घट्ट होते. दर दोन-तीन महिन्यांनी ओल्या फडक्यानं हँडल पुसलं, तरी मीठ निघून जातं.

जे काम घराच्या आत उभं राहून होत नाही, ते स्वतः करू नका. खिडकीच्या कट्ट्यावर चढून, बाहेर झुकून, ग्रिलवर पाय देऊन हँडल बसवण्याइतकं कोणतंही हँडल महत्त्वाचं नाही. आणि हँडल तुटल्यावर खिडकी सुतळीनं किंवा तारेनं बांधून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती कृपा करून सोडा. घरात लहान मूल असेल तर सैल खिडकी त्याला उघडता येते, आणि आग लागली तर बांधलेली खिडकी मोठ्यांनाही उघडता येत नाही. नवं हँडल त्याच आठवड्यात बसवा, आणि बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी एक खिडकी आहे की नाही, तेही त्याच दिवशी उघडून पाहा.