जुन्या मोटारीची नवी पट्टी
कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. जपून ठेवलेल्या गाडीच्या खिडकीची चकचकीत पट्टी चेपली, तर ती बहुधा हातानेच घडवावी लागते. चौकटीच्या वळणाबरहुकूम लाकडी साचा करून, तापवून मऊ केलेला पितळी पत्रा त्यावर हळूहळू ठोकून बसवितात. ठोकण्याने धातू पुन्हा कडक होतो. म्हणून मध्येच पुन्हा तापविणे आले. घाई केली की कोपऱ्यात चीर पडते. मग निकेलचा थर व त्यावर क्रोमचा अतिशय पातळ मुलामा. झळाळीचे श्रेय क्रोमला मिळते, रक्षण मुख्यतः निकेल करते! मात्र मुलाम्याचे सांडपाणी विषारी असते. नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या दाट वस्तीत असे काम निघाल्यास, त्यातील षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपांतर करून ते गाळरूपाने वेगळे काढल्याखेरीज पाणी गटारात सोडू देऊ नये.