दोष चकतीचा कीं जोडणीचा ?

जुन्या घरगुती संगणकाची हार्ड डिस्क वारंवार चुका दाखवूं लागली, म्हणजे ती बिघडलीच असें समजण्यांत येतें. परंतु स्कझी जोडणींत दोष पुष्कळदां चकतीबाहेर असतो. १९८६ सालीं प्रमाणित झालेल्या या पद्धतींत एकाच तारमार्गावर नियंत्रकासह आठ उपकरणें राहूं शकतात. प्रत्येकास ० ते ७ पैकीं स्वतंत्र क्रमांक लागतो. नियंत्रकाचा बहुधा ७ असतो. दोघांचा क्रमांक एक झाल्यास, एकाच नांवाच्या दोन विद्यार्थ्यांची हजेरी घेतांना व्हावा तसा घोटाळा होतो. साखळीच्या दोन्ही टोकांस, आणि केवळ टोकांसच, टर्मिनेटर हवा; नाहीं तर विद्युत्संकेत टोकावरून परावर्तित होऊन पुढील संकेतांत मिसळतात.

म्हणून आम्ही क्रम सुचवितों तो असा : जें वाचतां येईल त्याची नक्कल प्रथम अन्यत्र घ्यावी. मग वीज बंद करून क्रमांक, टर्मिनेटर व केबल तपासावी; मूळच्या साध्या जोडणींत केबलची एकूण लांबी ६ मीटरांहून अधिक नसावी. नंतर एकटीच चकती जोडून पाहावी. तरीही त्याच जागीं चूक येत राहिली, तरच चकतीवर संशय घ्यावा. दोष ठरण्यापूर्वीं फॉरमॅटची आज्ञा मात्र देऊं नये. सैल केबलीच्या अपराधास्तव घरचीं पत्रें व छायाचित्रें गमवावीं लागतील.