सीमेवरच्या मुलाचा फळा

साथ ओसरली की तिच्याविषयीची आस्थाही ओसरते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. शाळा त्याआधीच गजबजू लागल्या होत्या. बंद शाळांच्या काळात शिक्षकांनी काय केले, कशाने मुले शिकली आणि कशाने शिकली नाहीत, याचा हिशेब मात्र कोणी नीट मांडला नाही. तो मांडायचा तर राजधानीपासून नव्हे, सीमेपासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे.

बिदर जिल्ह्यातील चिंताकी हे गाव औराद तालुक्यात येते. हा तालुका महाराष्ट्र आणि तेलंगण यांना खेटून आहे. १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. सोयरिकी आणि बाजार सीमेच्या अल्याड-पल्याड तसेच चालू राहिले. या भागातील मराठी माध्यमाच्या शाळांत पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे, भाषा मराठी आणि अंगणातले बोलणे मराठी-कन्नड-तेलुगु-दखनी असे सरमिसळ. एरवी ही श्रीमंतीच म्हणावी. साथीत मात्र ती मुलांना महागात पडली.

करोनाने देशात घेतलेला पहिला बळी शेजारच्या कलबुर्गीतला. मार्च २०२० मध्ये ही वार्ता आली आणि पाठोपाठ शाळा बंद झाल्या. जुलैमध्ये दोन्ही सरकारांनी दूरदर्शनचा आधार घेतला. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका पहिली ते आठवीसाठी सुरू झाली. कर्नाटकात चंदना वाहिनीवर वरच्या वर्गांसाठी 'संवेद'चे पाठ लागले. उपक्रम दोन्ही स्तुत्य. पण औरादच्या मराठी शाळेतील मुलाने कोणता पाहावा? सह्याद्रीवरची भाषा त्याची, पण अभ्यासक्रम परका. चंदना त्याच्या राज्याची, पण तिची भाषा कन्नड. दोन ताटे वाढलेली आणि पाहुणा उपाशी, अशी ही अवस्था होती.

त्याला हात दिला तो गावातल्या मास्तरांनी. ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' योजना आणली. ज्यांच्या घरी इंटरनेटचा फोन आहे, ज्यांच्याकडे साधाच फोन आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, अशी मुलांची तीन गटांत विभागणी करून शिक्षकांनी वीस-पंचवीस मुलांमागे एक या हिशेबाने वस्तीत जावे, देवळाच्या ओवरीत, समाजमंदिरात वा झाडाखाली शिकवावे, अशी ती कल्पना होती. लोक तिला 'वठार शाळा' म्हणू लागले. वठार हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. आपल्याकडेही वाडा-वठार म्हणतातच. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील मराठी शाळा देवळांच्या सभामंडपांत आणि कोणाच्या तरी ओसरीवर भरत असत, त्यांचेच हे रूप होय. पुढे शिक्षक आणि मुले बाधित झाल्याची वृत्ते आली आणि ऑक्टोबरात योजना थांबवावी लागली. जीव आधी, हे मान्यच आहे. परंतु अंतर कसे राखावे, गट किती लहान असावेत, मास्तरांच्या तपासणीचे काय, हे अगोदर ठरले असते, तर सगळीच योजना गुंडाळावी लागली असती काय, हा प्रश्न उरतो. पहिली ते पाचवीचे वर्ग उघडण्यास २५ ऑक्टोबर २०२१ उजाडला.

एकोणीस महिन्यांत काय गेले, ते अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या पाहणीत दिसले. कर्नाटकासह पाच राज्यांतील सोळा हजारांहून अधिक मुलांत ९२ टक्क्यांनी भाषेतील आणि ८२ टक्क्यांनी गणितातील पूर्वी येणारे किमान एक कौशल्य गमावले होते. ही पाहणी जानेवारी २०२१ ची. त्यानंतरही धाकट्यांच्या शाळा नऊ महिने बंदच होत्या.

उपाय म्हणून सर्वत्र फोनचा जप झाला. गोव्यात सत्तरी, सांगे भागांतील मुले संपर्काच्या शोधात डोंगर चढली, हे आपण पाहिलेच. साधनांचा विचार याच्या उलट दिशेने व्हावयास हवा होता. सोलापुरात निलमनगर भागात एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यातील एका आदिवासी गावात ध्वनिक्षेपकावरून शाळा 'बोलू' लागली. १९३७ साली पोलिओच्या साथीत शिकागो शहराने रेडिओवरून वर्ग चालवले, त्याचाच हा साधा अवतार.

औरादच्या शिवारात तर साधनांची वाण नाही. तुराट्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधले की दशक-एकक कळते. चिंचोक्यांनी भागाकार होतो. धुळाक्षरांना पाटीही लागत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मुलाने लिहून काढल्या की शुद्धलेखन होते आणि घरचे वाङ्मयही राखले जाते. एकाच वस्तूचे मराठी, कन्नड, तेलुगु नाव तीन रकान्यांत लिहिण्याचा पाठ पुण्याच्या शिक्षकास सुचणार नाही. चिंताकीकडच्या मास्तरास तो सहज सुचावा. मात्र हा पाठ कोणी छापावयाचा, हा खरा पेच आहे. कारण अल्पसंख्य माध्यमाचा विद्यार्थी कोणत्याच छापखान्याच्या पहिल्या यादीत नसतो.

म्हणून आमची मागणी अगदी व्यवहाराची आहे. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या मराठी कृतिपत्रिका बिदर-कलबुर्गीच्या शिक्षकांकडूनच लिहून घ्याव्यात आणि दर शाळेत त्यांचा एक गठ्ठा कपाटात तयार असावा, म्हणजे शाळेला उद्या कुलूप लागले तरी तो परवा घरोघर पोचेल. सह्याद्रीच्या चित्रफितींतून या अभ्यासक्रमाशी जुळणारे पाठ निवडून त्यांची यादी गावोगाव लावण्याचे काम महाराष्ट्राने करावे. त्यास सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. एक अधिकारी आणि दोन महिने पुरतात. आणि हाच कारभार बेळगाव, निपाणी, कारवारच्या शाळांसाठीही करता येईल, हे आम्ही बंगळुरू आणि मुंबई या दोन्ही सचिवालयांच्या निदर्शनास आणू इच्छितो.