ट्रॅक्टरची अश्वशक्ती आणि नांगराची ओढ

खोल काळ्या जमिनीत, ओल थोडी जास्त असताना नांगरट चालू आहे. ट्रॅक्टर मोठा, इंजिनाचा आवाज दमदार. पण मागची चाके जागच्या जागी फिरून जमीन चोपीत आहेत आणि नांगर पुढे सरकत नाही. शेजारच्या वावरात कमी अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तेच काम निमूटपणे उरकीत आहे. असे दृश्य पुष्कळ गावांत पाहावयास मिळते. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो की, ज्या अश्वशक्तीचे पैसे आपण मोजले ती गेली कोठे? ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून घेतला जातो. यास्तव या प्रश्नाचे उत्तर खरेदीपूर्वीच ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अश्वशक्ती आणि टॉर्क

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ती लागते तिला एक अश्वशक्ती म्हणतात. पूर्वीची १५० लिटर पाण्याची मोट दोन सेकंदांत एक मीटर वर आली, तर तेवढा वेळ एक अश्वशक्ती खर्ची पडे. म्हणजे अश्वशक्तीत जोर आणि वेग या दोहोंचा हिशेब असतो.

टॉर्क म्हणजे नुसता फिरविण्याचा जोर. बैलांच्या चरकाची दांडी आखूड केली तर बैलांना जड जाते, लांब केली तर तेच बैल ऊस सहज पिळतात. मात्र त्यांना फेरा मोठा घ्यावा लागतो. ट्रॅक्टरचे गिअर हेच काम करतात. ते चाकाचा वेग कमी करून टॉर्क वाढवितात. परंतु शक्ती वाढवीत नाहीत, उलट दात्यांच्या व बेअरिंगांच्या घर्षणात तिचा काही भाग खर्च होतो.

एक उदाहरण घेऊ. दर मिनिटास २००० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती देणाऱ्या ट्रॅक्टर-इंजिनाचा टॉर्क सुमारे १४ किलोग्रॅम-मीटर असतो. ६००० फेऱ्यांवर २०० अश्वशक्ती देणाऱ्या स्पोर्ट्स मोटारीचा टॉर्क त्याच वेळी सुमारे २४ भरतो. अश्वशक्ती पाचपट, पण टॉर्क दुप्पटही नाही. मोटारीची शक्ती मुख्यतः वेगातून येते; नांगराला मात्र सावकाश चालीत मोठा जोर हवा असतो. शिवाय घट्ट जागी बैल जसे मान खाली घालून अधिक जोर लावतात, तसे चांगल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या फेऱ्या ओझ्याखाली कमी झाल्या की त्याचा टॉर्क काही मर्यादेपर्यंत वाढतो. हा राखीव टॉर्क जितका अधिक, तितके इंजिन बंद पडण्याचे प्रसंग कमी.

शेवटचा शब्द जमिनीचा

वरील ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा टॉर्क नांगरटीच्या गिअरमध्ये शंभरपट झाला, तर गिअरमधील घट वजा जाता मागच्या चाकांच्या कडेशी सुमारे १९०० किलो जोर उपलब्ध होतो. परंतु मागच्या चाकांवर भार १५०० किलो असेल, तर शेतात ओढीसाठी त्याच्या साधारण निम्माच, म्हणजे ७५० किलो जोर उपयोगी पडतो. सेकंदाला १.२ मीटर चालीने ही ओढ १२ अश्वशक्तीची झाली. यापुढे नांगर खोल घातला की चाके घसरतात. तेव्हा अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसविले तरी त्या चालीने ओढ वाढत नाही. चाके मात्र लवकर घसरू लागतात.

हा फरक जुना आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर या शेतकरी लोकप्रतिनिधीस आपल्या ट्रॅक्टरांचा वाईट अनुभव आला, आणि १९१९ साली तेथे चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकण्यास मनाई करणारा कायदा झाला. १९२० साली पहिली चाचणी पूर्ण केलेल्या 'वॉटरलू बॉय' ट्रॅक्टरवर १२-२५ असे आकडे होते : ओढीसाठी १२ अश्वशक्ती आणि पट्ट्यावर २५. आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात पीटीओवर मिळणारी शक्ती, ओढीची शक्ती आणि राखीव टॉर्क हे आकडे स्वतंत्र दिलेले असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल अवश्य मागावा. मळणीयंत्रासाठी पीटीओचा आकडा पाहावा, नांगरटीसाठी ओढीचा.

घसरण स्वतः मोजा

मागच्या चाकावर खडूने खूण करावी. प्रथम नांगर उचलून त्याच शेतात चाकाचे दहा फेरे घ्यावेत व अंतर मोजावे. नंतर नांगर लावून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा दहा फेरे घ्यावेत. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के झाली. शेतात १० ते १५ टक्के घसरण चालते. त्याहून जास्त झाल्यास डिझेल, टायर आणि वेळ या तिन्हींची नासाडी होते.

अशा वेळी प्रथम वाफसा पाहावा. ओल अधिक असल्यास थांबणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. टायर झिजले आहेत काय व त्यांतील हवा योग्य आहे काय हे तपासावे. नांगरटीपुरते चाकांना लोखंडी वजने लावावीत अथवा टायरांत पाणी भरावे; पेरणीच्या वेळी मात्र हा भार काढावा, अन्यथा जमीन दडपते. हायड्रॉलिकची जोडणी नीट असल्यास नांगराचा काही भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. एवढे करूनही घसरण राहिल्यास लहान अवजार घेऊन वरच्या गिअरमध्ये काम करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नांगरटीच्या हंगामात खडू आणि मोजपट्टी घेऊन हा प्रयोग शेतकऱ्यांसमक्ष एकदा तरी करून दाखवावा. नवा मोठा ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात असलेल्या एखाद्या शेतकऱ्यास आपली अडचण इंजिनाची नसून टायरांची आहे असे त्यातून उमगले, तर त्याच्या डोक्यावरील एक कर्ज वाचेल.